शेवंताच्या बावीस चुका

शिक्षकांना शिकवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं, असं सांगितलं की लोकांना वाटतं, नव्यानं मास्तर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी खडू कसा धरायचा ते शिकवलं. तसं नव्हतं. माझ्या वर्गात बसणारे लोक पंधरा-वीस वर्षं शाळेत शिकवून आलेले असत. केस पिकू लागलेले, चष्मे लागलेले, एक-दोघांना तर जावईसुद्धा आलेले. सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका शिक्षण महाविद्यालयात आम्ही नोकरीतल्या शिक्षकांसाठी एम.एड. चालवत होतो. त्यात 'वाचन-लेखनाचे शिक्षण' हा खास विषय माझ्याकडे होता. शनिवारची सकाळची शाळा आटोपून लोक दुपारी यायचे, रविवारी सकाळी पुन्हा. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज. आमचे विभागप्रमुख या वर्गाला खाजगीत 'प्रौढ शिक्षण' म्हणत.

वाचायला शिकवणं यात एम.एड. करण्यासारखं काय आहे, असा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला. बाराखडी शिकवली की झालं. पण ज्यांनी पहिलीचा वर्ग घेतला आहे त्यांना ठाऊक असतं की एकाच बाकावरची दोन मुलं, एकच बाई, एकच पुस्तक, आणि एक दिवाळीपर्यंत घडाघडा वाचू लागतं तर दुसरं तीन वर्षं 'क'पाशीच बसतं. असं का होतं, हे शोधणं हा आमचा विषय. दोन वर्षांचा अभ्यास, लेखी परीक्षा, आणि शेवटी प्रत्येकानं स्वतःच्या शाळेत काही तपासून पाहायचं आणि त्यावर दीडशे पानं लिहायची. त्याला लघुप्रबंध म्हणत. मग बाहेरगावचे परीक्षक येऊन तोंडी परीक्षा घेत.

मी लागले तेव्हा तीस वर्षांचीही नव्हते. पहिल्या दिवशी फळ्यावर विषयाचं नाव लिहिलं आणि वळले, तर लकडगंजच्या शाळेतून आलेल्या पाठकबाई हात वर करून उभ्या. वय बेचाळीस, अठरा वर्षं पहिलीचा वर्ग. मला वाटलं, शंका आहे. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या 'ळ'चा पाय मोडला आहे. मुलांनी पाहिला तर तसाच काढतील." आणि स्वतः पुढे येऊन त्यांनी तो दुरुस्त केला. वर्ग हसला नाही. सगळ्यांना ते अगदी योग्य वाटलं होतं. त्या दिवसापासून मी घरी पाटीवर अक्षर गिरवून मगच वर्गावर जाऊ लागले.

अशा लोकांना शिकवायचं तर आपल्याजवळ त्यांच्याकडे नसलेलं काहीतरी हवं. माझ्याजवळ चाचणी होती.

ही चाचणी मी तीन वर्षं खपून तयार केली होती. शंभर शब्दांचा एक उतारा. मूल तो मोठ्यानं वाचतं, शिक्षक समोर बसून ऐकतो आणि छापलेल्यापेक्षा वेगळा वाचलेला प्रत्येक शब्द खोडतो. पंधरापेक्षा जास्त खोडले गेले तर मुलाला वाचता येत नाही. सोपं, स्वच्छ, कुणालाही वापरता येण्यासारखं. तोवर मुलाला वाचता येतं की नाही हे मास्तरांच्या मर्जीवर असायचं. माझ्या चाचणीनं ती मर्जी संपवली, असं मला वाटे. कुहीकडच्या भागाच्या शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांना ती इतकी आवडली की पहिलीच्या वार्षिक परीक्षेत त्यांनी त्यांच्या शाळांतून ती लागू केली. चाचणीच्या पुस्तिकेच्या पातळ पिवळ्या मुखपृष्ठावर माझं नाव छापलेलं होतं. मी दहा प्रती घरी आणून कपाटात ठेवल्या होत्या.

त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गात भोयर गुरुजी आले.

शामराव भोयर कुहीजवळच्या एका खेड्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक. वय सत्तेचाळीस. शेतकऱ्याच्या घरातले, नोकरी करत करत बाहेरून बी.ए. आणि मग बी.एड. झालेले. पहिली ते चौथी दोन शिक्षक, त्यातले एक हे. शनिवारी शाळा करून छोट्या रुळांच्या गाडीनं इतवारी स्टेशनला उतरायचे आणि तिथून पायी कॉलेजात. धोतर, पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी. शेवटच्या बाकावर बसत आणि बोलत नसत. मी त्यांना 'गुरुजी' म्हणायची, ते मला 'मॅडम'. वर्षभर आमचं संभाषण हजेरीपुरतं.

लघुप्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला: 'पहिलीतील मुलांच्या वाचनातील चुका'. साधन म्हणून माझीच चाचणी वापरणार होते. मला बरं वाटलं. मार्गदर्शक म्हणून मी लगेच सही केली.

मार्च संपता संपता एका शनिवारी वर्ग सुटल्यावर ते थांबले. पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. त्यांच्या शाळेतल्या पहिलीच्या मुलांची वार्षिक चाचणी झाली होती, त्याचे ते कागद. पण गुरुजींनी नुसते शब्द खोडले नव्हते. छापलेल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर, मुलानं प्रत्यक्षात काय म्हटलं ते लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं. बारीक, मोत्यासारखं अक्षर. मी त्यांना असं करायला सांगितलं नव्हतं.

"मॅडम, एक गोष्ट मले समजून नाही राहिली," ते म्हणाले. "ही शेवंता. पहिलीतलं तिसरं वर्ष. बावीस चुका. म्हणजे नापास."

"मग?"

"तिनं काय वाचलं ते पाहा ना."

उताऱ्यात होतं: 'आज घरी पाहुणे आले. आई स्वयंपाक करत आहे. ती मंजूला म्हणाली, मला विहिरीचे पाणी आणून दे.' त्यावर लाल पेन्सिलीनं: 'आज घरी पाव्हणे आले. माय सैपाक करून राहिली. ते मंजूले म्हणे, मले विहिरीचं पाणी आणून दे.' पान संपेपर्यंत असंच.

"बावीसातल्या अठरा चुका या अशा," गुरुजी म्हणाले. "पुस्तकात 'मला' आहे, पोरगी 'मले' म्हणते. बरं, तिले वाचता येत नाही म्हणावं, तं मंग हे 'मले' तिनं आणलं कुठून? अक्षर वाचल्याबिगर?"

मी म्हटलं, "गुरुजी, छापलेलं वाचायचं असतं. मनातलं नाही."

ते मान हलवत राहिले. मग दुसरा कागद काढला. "हा गणपत. एकही चूक नाही. तुमच्या चाचणीत माझ्या शाळेतला पहिला. याले मी विचारलं, बाप्पा, आईनं मंजूले काय आणाले सांगितलं? तं बोलेच ना. पुन्हा वाचाले लावलं. पुन्हा सारं बरोबर. पुन्हा विचारलं, पुन्हा गप."

"आकलनाची चाचणी वेगळी असते," मी म्हटलं. ते खरंही होतं. ती मी पुढे कधीतरी करणार होते.

गुरुजींनी मग माझं पिवळं पुस्तक काढलं आणि शिक्षकांसाठीच्या सूचनांचं पान उघडलं. बोट ठेवलं ती सूचना मीच लिहिली होती: 'विहिरीचे' ऐवजी 'विहिरीचं' असे वाचल्यास चूक धरू नये.

"हे काहून, मॅडम?"

"कारण बोलताना आपण 'विहिरीचं'च म्हणतो. सगळे सुशिक्षित लोक म्हणतात."

"हो," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, खरोखर विचारत होते. "म्हणजे 'चे'चं 'चं' चालते. मंग 'ला'चं 'ले' काहून नाही चालत?"

उत्तर नसलं की वरिष्ठ माणूस जे करतो ते मी केलं. सांगितलं, हा भाषाशास्त्राचा विषय आहे, आपला नाही. तुम्ही चुकांचे तक्ते करा, टक्केवारी काढा, हे प्रकरण लघुप्रबंधात घेऊ नका. परीक्षक उगाच अडवतील.

"बरं," गुरुजी म्हणाले आणि कागद पिशवीत ठेवू लागले. मग सहज सांगितल्यासारखं म्हणाले, "शेवंताचा बाप म्हणते, औंदा नापास झाली तं शाळेतून काढतो. निकाल एक मेला आहे."

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमचं घर मूळ उमरेडकडचं. मी नागपुरातच, सक्करदऱ्याला वाढले, पण घरात सगळे 'मले-तुले'च बोलत. कॉलेजात पहिल्या वर्षी मी वर्गात उठून "मले वाटते" म्हटलं आणि मागच्या बाकांवरून खुसखुस ऐकू आली. त्या वर्षात मी माझी बोली अंगावरचा डाग घासावा तशी घासून काढली. घरी आईशीसुद्धा पुस्तकी बोलू लागले. सहकारी घरी आले की ती चहा देऊन आत जायची, फारसं बोलायची नाही. ते मला सोयीचं वाटायचं. तेव्हा माझ्या चाचणीत 'मले'ला क्षमा नव्हती यात भाषाशास्त्र काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. वर्ग घेऊन दुपारी घरी आले. जेवणं झाल्यावर आई नेहमीप्रमाणे ओसरीत बसून शेजारच्या काकूंना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. काकूंना वाचता येत नसे. आई चौथी शिकलेली. हा कार्यक्रम माझ्या लहानपणापासूनचा, त्यामुळे मी कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. त्या दिवशी आत पडल्या पडल्या ऐकू आलं: "...पोलिसांनी त्याले पकडलं आणि कोर्टात नेलं. तो म्हणे मले काही मालूम नाही..."

मी उठून बाहेर आले. आईच्या खांद्यावरून पाहिलं. छापलेलं होतं, 'त्याला'. पुढे होतं, 'मला काहीही माहीत नाही'.

"आई, इथे काय लिहिलं आहे?"

"त्याले."

"नीट बघ."

तिनं चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ नेला. "त्याला," ती म्हणाली. आणि माझ्याकडे पाहून, "मंग मी काय वाचलं वं?"

काकू म्हणाल्या, "वाच ना तू बाई पुढं. कोर्टात काय झालं?"

ती बातमी आई शेवटपर्यंत वाचत गेली आणि मी खांबाला टेकून ऐकत राहिले. वकील, जामीन, साक्षीदार, सगळं काकूंना बरोबर कळत होतं. मध्ये काकूंनी विचारलेल्या प्रश्नांना आई वर न पाहता उत्तरं देत होती. मी मनातल्या मनात शब्द खोडत होते. पहिल्याच बातमीत पंधराच्या वर गेले. माझ्या चाचणीप्रमाणे माझ्या आईला वाचता येत नव्हतं.

बुधवारी मी रजा टाकली आणि इतवारीहून सकाळची छोटी गाडी धरली. या गाडीतून उतरून, शेतातून चार बोरं तोडून पुन्हा चढता येतं, असं लोक म्हणत. मी ते केलं नाही, पण करता आलं असतं. कुहीला गुरुजी सायकल घेऊन उभे होते. मला सविस्तर पत्र लिहायला सवड झाली नव्हती, येते आहे इतकाच सोमवारी निरोप धाडला होता. सायकल हातात धरून ते आणि शेजारून मी, असे आम्ही तीनेक मैल चाललो. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, कोरड्या पडलेल्या, मोहाच्या झाडांखाली फुलं वेचणाऱ्या बाया. वाटेत ते माझ्या येण्याचं कारण विचारतील असं मला वाटत होतं. त्यांनी विचारलं नाही. कुठल्या शेतात कोणतं धान होतं ते सांगत राहिले.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. शेवंता आठ-नऊ वर्षांची, पहिलीतल्या इतर मुलांपेक्षा डोकं-दीड डोकं उंच, म्हणून मागे बसलेली. गुरुजींनी बोलावलं तशी पुढे आली आणि माझ्या हातातलं पिवळं पुस्तक पाहून तिचा चेहरा पडला. मी ते पिशवीत टाकलं.

फळ्यावर मी लिहिलं: 'मला तुझी पाटी आणून दाखव.' तिला म्हटलं, मोठ्यानं वाचू नको, मनात वाच.

तिनं फळ्याकडे पाहिलं. ओठ हलले. मग ती वळली आणि चालू लागली.

"कुठं चालली?" मी विचारलं.

"पाटी आणाले," ती म्हणाली. माझ्या प्रश्नाचं तिला आश्चर्य वाटलं असावं. मागे जाऊन तिनं पाटी उचलली, फ्रॉकच्या घेरानं पुसली आणि माझ्यापुढे धरली.

गणपतला नंतर वेगळं बोलावलं. तरतरीत मुलगा, केस चापून बसवलेले. त्याच्यासाठी वाक्य बदललं: 'कोपऱ्यातला झाडू मला आणून दे.' तो ताठ उभा राहिला आणि प्रत्येक अक्षर घंटेसारखं वाजवत त्यानं ते वाचलं. एक काना इकडचा तिकडे नाही. वाचून हात बांधून उभा राहिला.

"आता?" मी म्हटलं.

"झालं ना जी वाचून," तो म्हणाला.

कोपऱ्यात झाडू होता. तो त्याला दिसतही होता. मी पुन्हा वाचायला सांगितलं, त्यानं पुन्हा तितकंच सुंदर वाचलं. माझ्या चाचणीनं या दोघांपैकी याला वरच्या वर्गात घातलं होतं आणि तिला शाळेबाहेर.

शेवंताचे वडील पडवीत येऊन बसले होते. गुरुजींनी निरोप पाठवला होता की नागपूरच्या बाई येणार आहेत. शांत माणूस. म्हणाले, "बाई, आम्ही पोरीचं वाईट नाही पाहून राहिलो. पण तीन साल झाले. पयल्या साली नव्हतंच येत. मागच्या सालापासून गुरुजी म्हणते येते तिले, अन् निकालात नाही येत. आता कोणाचं खरं धरावं? घरी लहान लेकरू आहे, ते तरी सांभाळन."

"गुरुजींचं खरं धरा," मी म्हटलं. "निकाल माझ्या परीक्षेचा आहे आणि माझी परीक्षा चुकली आहे."

ते गुरुजींकडे पाहू लागले. परीक्षासुद्धा चुकू शकते हे त्यांना कुणी यापूर्वी सांगितलं नसावं. मलाही नव्हतं सांगितलं.

विस्तार अधिकाऱ्यांना पटवणं जास्त कठीण गेलं. ते भले गृहस्थ होते, पण त्यांनी ही चाचणी वरिष्ठांपुढे मांडून मंजूर करून घेतली होती. "मॅडम, मुखपृष्ठावर नाव तुमचं. मागच्या साली तुम्हीच आम्हाला दोन तास समजावलं. आता तुम्हीच म्हणून राहिल्या की चूक आहे. मी वर काय सांगू?" मी म्हटलं, माझं नाव सांगा. मी लेखी देते. त्यांच्या कचेरीतच बसून मी लिहून दिलं की सूचनांमध्ये दोष राहिला आहे, मूल आपल्या बोलीतलं रूप वाचत असेल तर ती चूक धरू नये, आणि नापास मुलांची फेरतपासणी व्हावी. दोन पानं लिहिताना तीनदा शाई झटकली. साहेबांनी वाचलं, घडी केली, आणि म्हणाले की जूनमध्ये, शाळा उघडल्याबरोबर, यंदाच्या नापास मुलांना पुन्हा ऐकायला ते त्यांच्या शाळांतल्या शिक्षकांना परवानगी देतील. फक्त यंदाच्या.

मागच्या वर्षीच्या मुलांचं काय, हे मी विचारलं. ते म्हणाले, त्यांचे कागद ठेवलेले नाहीत. त्यांपैकी किती जण पुन्हा पहिलीत बसले आणि किती जणांना शाळा सोडून घरचं लेकरू सांभाळायला लागलं, ते मला कधीच कळलं नाही. या नोकरीनं मला खूप दिलं. हा एक हिशेब मात्र उघडाच राहिला.

जूनमध्ये शेवंता दुसरीत गेली. त्या भागातली आणखी काही मुलंही गेली. फेरतपासणीला शिक्षक नाखुशीनं बसले होते, पण लाल पेन्सिल घेऊन मूल काय म्हणतं ते लिहायला लागल्यावर काहीजण सुट्टीची घंटा होऊनही उठले नाहीत, असं गुरुजींनी सांगितलं.

राहिला लघुप्रबंध. मी गुरुजींना म्हटलं, ते प्रकरण घ्या. ते म्हणाले, "घेतलं आहे, मॅडम. तुम्ही नको म्हटलं तेव्हाच लिहून झालं होतं." त्यांचं ते 'बरं' काय होतं, ते मला तेव्हा कळलं.

तोंडी परीक्षा दिवाळीनंतर झाली. बाहेरून आलेले परीक्षक मोठे व्यासंगी गृहस्थ होते, शुद्ध भाषेबद्दल अतिशय हळवे. शेजारी आमचे विभागप्रमुख, एका बाजूला मार्गदर्शक म्हणून मी. समोर गुरुजी, इस्त्री केलेल्या सदऱ्यात, खुर्चीच्या कडेवर बसलेले.

परीक्षकांनी नेमकं ते प्रकरण उघडलं. "म्हणजे शाळेतून आपण मुलांना अशुद्ध बोलायला शिकवावं, असं आपलं म्हणणं आहे का?"

"नाही, साहेब," गुरुजी म्हणाले. ते इतकं सावकाश आणि पुस्तकी बोलत होते की मला त्यांचे श्रम दिसत होते. "शाळेत मी 'मला' असंच शिकवतो. सव्वीस वर्षं शिकवतो आहे. पण मुलाला वाचता येतं की नाही, ही एक गोष्ट. ते आपल्यासारखं बोलतं की नाही, ही दुसरी. दुसरीला वेळ लागतो. तोपर्यंत पहिलीत नापास का करावं, इतकंच माझं म्हणणं."

"पण छापलेला शब्द बदलून वाचणं ही शिस्त नव्हे."

"साहेब, वाचता न येणारं मूल अडतं. 'म'पाशी थांबतं, 'ल'पाशी थांबतं. ही मुलगी कुठे अडली, ते मी लिहिलं आहे. चार ठिकाणी. त्या चार चुका मी मान्य केल्या आहेत. बाकीच्या अठरा ठिकाणी ती अडली नाही. तिला कळलं, म्हणून तिनं आपल्या घरच्या शब्दात सांगितलं."

परीक्षक पानं उलटत राहिले. मग माझ्याकडे वळले. "चाचणी आपली आहे. आपला विद्यार्थी आपल्याच चाचणीला सदोष म्हणतो आहे. मार्गदर्शक म्हणून आपलं काय मत?"

विभागप्रमुख माझ्याकडे पाहत होते. आदल्याच आठवड्यात त्यांनी सुचवलं होतं की सांभाळून घ्यावं, मर्यादा आहेत असं म्हणावं, मर्यादा सगळ्यालाच असतात.

"ते बरोबर आहेत," मी म्हटलं. "चाचणी चुकली होती. मी तीन वर्षं ती तयार केली आणि माझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्या एका महिन्यात आलं, कारण ते मुलांचं ऐकत होते आणि मी मोजत होते."

गुरुजी खाली पाहू लागले. लघुप्रबंध मंजूर झाला. दुसऱ्या वर्गाचे गुण मिळाले. गुरुजींनी शीर्षकातला 'चुका' हा शब्द बदलून 'मुलांचे वाचन जसे ऐकू आले' असं करण्याची परवानगी मागितली होती. परीक्षकांनी ती नाकारली. त्यामुळे आमच्या ग्रंथालयात तो आजही 'चुका' या नावानंच असेल.

पुढच्या वर्षीपासून मी अभ्यासक्रमाची सुरुवातच बदलली. पहिल्या महिन्यात व्याख्यान नाही. प्रत्येकानं आपल्या शाळेतल्या एका मुलासमोर लाल पेन्सिल घेऊन तासभर बसायचं आणि ते जे म्हणेल ते लिहून आणायचं. जुने शिक्षक आधी नाराज व्हायचे. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हे काय काम देता, म्हणायचे. दुसऱ्या शनिवारी तेच लोक कागद घेऊन दाराशी उभे असत, माझी वाट पाहत, एकमेकांना अडवून बोलत. मी पुढे निवृत्त होईपर्यंत त्या दाराशी उभं राहायला मला नेहमी आवडलं.

पण मला त्या परीक्षेच्या दिवसाची संध्याकाळ जास्त आठवते. मी गुरुजींना इतवारीला सोडायला गेले. गाडी लागली होती, सुटायला वेळ होता. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसून भाजलेल्या शेंगा खात होतो. एम.एड. झाल्यामुळे त्यांना बढती नव्हती की बदली नव्हती. सोमवारी त्याच पडवीत जायचं होतं. मी विचारलं, आता पुढे काय करायचं ठरवलं आहे?

"गणपत आहे ना, मॅडम," ते म्हणाले. परीक्षा संपली तशी त्यांची भाषा पुन्हा मोकळी झाली होती. "शेवंताचं काही नाही, ते आता थांबत नाही. पण याले सारे अक्षरं येते अन् गोष्ट येत नाही. दोष माझाच आहे. पहिलीत मी त्याले नुसतं वाचाले लावलं, त्याच्याशी बोललोच नाही. म्हणून आता रोज मधल्या सुट्टीत त्याले गोष्ट सांगतो. मंग त्याले म्हणतो, तू सांग. मंग तेच आम्ही लिहितो अन् त्याले वाचाले देतो."

"काही फरक?"

शेंगेचं टरफल त्यांनी हातात चुरडलं. चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा हसू दिसलं.

"या मंगळवारी दुसरीचं पुस्तक दिलं होतं. नवीन धडा, मी सांगितलेला नाही. वाचता वाचता मधातच थांबला अन् हासला."

"काहून?" मी विचारलं.

"पुस्तकात बैलानं शिंगात बादली अडकवून घेतली होती, मॅडम," गुरुजी म्हणाले, "अन् तसाच गावभर फिरून राहिला होता."